'दुसरा हात हाताने हलवू नये', अर्थात इंग्रजीतल्या 'हँड'चं करायचं काय?

कुंपणावरची

मंडळी, दोन आठवडे झाले एका भिंतीवरच्या घड्याळाच्या माहितीपुस्तिकेचं मराठी तपासतेय. भाषांतर मशीनने केलंय, मी फक्त "जरा नजर टाकायची" असं ठरलं होतं (हे 'जरा' ज्यांनी आयुष्यात एकदा तरी ऐकलंय त्यांना पुढचं सांगायला नकोच). तर तिसऱ्या पानावर वाक्य आलं, "दुसरा हात हाताने हलवू नये." मी तीनदा वाचलं, मग स्वतःचा दुसरा हात बघितला, मग मूळ इंग्रजी काढलं. तिथे होतं "डू नॉट मूव्ह द सेकंड हँड बाय हँड". म्हणजे सेकंद काटा हाताने फिरवू नका, एवढंच! आणि पुढच्याच ओळीत "लांब हात बारावर न्यावा, लहान हात सैल सोडावा", हे तर सरळ योगासनांच्या पुस्तकातून आल्यासारखं.

हसून झालं आणि मग वाटलं की मशीनला काय हसायचं, नोकरीच्या पहिल्या आठवड्यात मला 'ऑल हँड्स मीटिंग'चं (म्हणजे सगळ्या कर्मचाऱ्यांच्या सभेचं) आमंत्रण आलं होतं तेव्हा मी शेजारच्याला अगदी गंभीरपणे विचारलं होतं की हात कशासाठी वर करायचेत, मतदान आहे का? तो बिचारा सभ्य होता, संध्याकाळपर्यंत हसला नाही.

तर धागा यासाठी की हा चार अक्षरी शब्द नक्की कुठे कुठे शिरलाय ते एकदा सगळ्यांनी मिळून उकरून काढू. आपला 'हात' आणि त्यांचा 'हँड' एकच असं आपण शाळेत शिकलो, मला आता त्यावर अजिबात भरवसा राहिलेला नाही. तुमचे घोळ, शंका, ज्ञान सगळं टाका.

टवाळ

पहिला मी!
'सेकंड हँड'वर माझा एक जुना प्रश्न, सेकंद काटा घड्याळातला तिसरा काटा असतो ना, मग त्याला सेकंड का म्हणतात? बाकी लहान हात सैल सोडणारं घड्याळ मला पण हवंय.

निवृत्त पण प्रवृत्त

टवाळा, प्रश्न चांगला आहे, तुझ्या नावाला न शोभणारा. तासाचे साठ भाग केले त्याला लॅटिनमध्ये म्हणायचे 'पार्स मिनुता प्रिमा', पहिला बारीक भाग. त्याचे पुन्हा साठ केले ते 'पार्स मिनुता सेकुंदा', दुसरा बारीक भाग. पहिल्यातलं 'मिनुता' उचलून झालं मिनिट, दुसऱ्यातलं 'सेकुंदा' उचलून झालं सेकंड. म्हणजे दुसरा म्हणतात तो दुसऱ्यांदा केलेल्या वाटणीमुळे, काट्यांच्या नंबरामुळे नाही.

आणि काट्यांचं म्हणाल तर जुन्या यांत्रिक घड्याळांना एकच काटा असायचा, तासाचा. दिवसाला पाव तास पुढेमागे होणाऱ्या यंत्राला मिनिटकाटा लावून उपयोग काय? हायगेन्स नावाच्या डच शास्त्रज्ञाने १६५६ साली लंबकाचं घड्याळ केलं आणि चूक एकदम कमी झाली, त्यानंतर मिनिटकाटा सर्रास दिसू लागला. इंग्रजांनी त्याला हात म्हटलं, कारण तो बोट दाखवल्यासारखा आकडा दाखवतो. जर्मन लोक 'दाखवणारा' म्हणतात, फ्रेंच 'सुई' म्हणतात, आपण काटा म्हणतो. चौघांनी एकच वस्तू बघितली आणि चौघांना वेगवेगळं काहीतरी दिसलं.

एक मुंगी

घड्याळाआधीपासून पुस्तकांच्या समासात हात होते. हस्तलिखितात महत्त्वाचा मजकूर आला की वाचणारा शेजारी एक छोटासा बोट दाखवणारा हात काढून ठेवायचा, त्याला मॅनिक्यूल म्हणतात, म्हणजे चिमुकला हात. आता कुठल्याही लिंकवर माऊस न्या, बाणाचा हात होतो. तोच तो.

अर्धा चष्मा

मुळात हातच घालायचा तर मनगटापाशी घालू, कारण खरी गडबड तिथे आहे. इंग्रजीतला हँड मनगटाला संपतो. त्याच्या वर आर्म. आपला हात खांद्यापासून बोटाच्या टोकापर्यंत एकच अखंड. आपल्याकडे दंड आहे, कोपर आहे, मनगट आहे, पंजा आहे, शब्द कमी नाहीत, पण "हात दुखतोय" म्हणताना कुठला ते सांगायची सक्ती नाही. इंग्रजीत सक्ती आहे!

हे मला कळलं ते फॉर्म भरताना. पाय घसरून पडलो, मनगट आणि कोपर यांच्या मधलं हाड मोडलं. विम्याच्या अर्जात "कशाला इजा" तिथे मी लिहिलं हँड. आठ दिवसांनी पत्र, की एक्स-रे फोरआर्मचा आहे आणि तुम्ही हँड लिहिलंय, तर दोनपैकी नक्की काय मोडलंय ते कळवा. दोनपैकी! प्लास्टर उजव्या हाताला, म्हणजे आर्मला, खुलासा डाव्या हाताने टाइप केला, म्हणजे हँडने. त्या बाईंना फोनवर समजवायचा प्रयत्न केला की आमच्या भाषेत ते एकच आहे, त्या म्हणाल्या सर आमच्या सिस्टिममध्ये दोन आहेत.

रेघोट्या

@अर्धा चष्मा, आता कसा आहे हात? (कुठला ते तुम्ही ठरवा)

यात आपण एकटे नाही, रशियनमध्ये पण 'रुका' म्हणजे खांद्यापासून बोटांपर्यंत सगळं. आणि मजा बघा, ज्याला इंग्रजीत 'आर्म रेसलिंग' म्हणतात त्याला आपण म्हणतो पंजा लढवणे. ताकद लावतो दंडाची आणि नाव पंज्याचं. इथे नेमके ते वर गेले आणि आपण खाली उतरलो. कुठल्याच भाषेला सरळ वागता येत नाही.

शवविच्छेदक (नुसतं नाव, घाबरू नका)

शरीराला विचारलंत तर मनगटाची ती हद्द तशी कागदावरचीच. हाडं मोजायची तर हँडमध्ये २७, मनगटाची ८, तळहाताची ५, बोटांची १४. दोन्ही हातांची मिळून ५४, आणि अख्ख्या शरीरात २०६, म्हणजे चौथ्या हिश्श्याहून जास्त हाडं फक्त दोन पंज्यांत. पण बोटं वाकवणारे दणकट स्नायू पंज्यात नसतातच, ते कोपराखालच्या भागात असतात आणि तिथून दोऱ्या मनगटातून बोटांपर्यंत येतात, कळसूत्री बाहुलीसारख्या. आत्ता करून बघा, डाव्या हाताने उजव्या हाताचा कोपराखालचा मांसल भाग धरा आणि उजव्या हाताची बोटं टाइप केल्यासारखी हलवा. चामडीखाली वळवळतंय ना? म्हणजे हँडचं काम चाललंय आर्ममध्ये. मराठीने दोघांना एकत्र ठेवलं ते काही चूक नाही केलं.

टवाळ

ऑफिसात बसून स्वतःचाच हात धरून बोटं हलवतोय आणि साहेब बघतायत. धन्यवाद डॉक्टर.

तिसरी घंटा

फुटबॉलवाल्यांनी हा वाद आपल्या बाजूने सोडवलाय हे कोणाच्या लक्षात आलं का? 'हँडबॉल' म्हणतात खरं, पण नियमात तो हँड काखेच्या खालच्या टोकापासून सुरू होतो. म्हणजे दंडाला लागला तरी हँड, कोपराला लागला तरी हँड. मनगटाला थांबणारा इंग्रजी हँड मैदानात उतरला की अस्सल मराठी हात होतो!

आणि हँडबॉल म्हटलं की २२ जून १९८६, मेक्सिको सिटी, इंग्लंडविरुद्ध अर्जेंटिनाच्या मॅराडोनाचा हाताने मारलेला तो गोल. नंतर स्वारी म्हणाली की थोडं मॅराडोनाचं डोकं होतं आणि थोडा देवाचा हात. चोरी पकडली गेली तरी शब्दखेळ असा की गुन्ह्याचं नाव 'हँड ऑफ गॉड' म्हणूनच राहिलं.

क्रिकेटमध्ये उलटी मजा. बॅट धरलेला हात किंवा ग्लोव्ह हा बॅटचाच भाग धरतात, त्याला लागून कॅच गेला तर आऊट. तोच हात बॅटवरून सुटलेला असेल तर मग तो नुसता हात, नॉट आऊट. पूर्वी 'हँडल्ड द बॉल' नावाचा स्वतंत्र आऊट होता, २०१७च्या नव्या नियमांत तो काढून 'ऑबस्ट्रक्टिंग द फील्ड'मध्ये घातला. मला आपलं जुनंच आवडायचं, स्कोअरकार्डवर वाचताना कसं चोरीचा आळ आल्यासारखं वाटायचं.

घोडागाडी

मी येईपर्यंत घोडा कोणी आणला नाही, बरं झालं. घोड्याची उंची हँडमध्ये मोजतात. एक हँड म्हणजे बरोबर ४ इंच, १०.१६ सेंटीमीटर, तळहाताच्या आडव्या रुंदीवरून आलेला. जमिनीपासून डोक्यापर्यंत नाही मोजायचं बरं का, मान जिथे पाठीला मिळते तिथल्या उंचवट्यापर्यंत मोजायचं, कारण डोकं घोडा हवं तेव्हा वर करतो आणि हवं तेव्हा खाली.

आता यातली गंमत अशी की घोडा '१५.२ हँड्स' असं लिहिलेलं दिसलं तर ते पंधरा पूर्णांक दोन दशांश नाही. पंधरा हँड आणि वर दोन इंच. त्यामुळे १५.१, १५.२, १५.३ आणि त्यानंतर थेट १६. १५.४ नावाचा घोडा जगात नाही. मी सुरुवातीला कॅल्क्युलेटरवर १५.२ गुणिले ४ करून घोडा ६०.८ इंचांचा काढला होता, तो खरा ६२ इंचांचा होता. जवळजवळ सव्वा इंचाने माझी अब्रू गेली.

आपलाही 'हात' मापाचा होताच, पण तो कोपरापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत, साधारण दीड फूट. म्हणजे पाच हाताचा घोडा आणि पाच हँडचा घोडा यात एक हत्ती आणि एक कुत्रा एवढा फरक पडतो.

रेघोट्या

हत्तीवरून आठवलं, हत्ती हा शब्दच मुळी 'हस्तिन्'वरून, ज्याला हात आहे तो. सोंड म्हणजे हात. इंग्रजांनी घड्याळाला हात दिला, आपण हत्तीला दिला.

उंटावरून

घोडे आले, हत्ती आले, मला बोलावंच लागणार.

घोड्यावरूनच 'हँडीकॅप'. बरेच लोक सांगतात की टोपी हातात धरून भीक मागणाऱ्यावरून आला, अपंग माणसाला भीक मागावी लागायची म्हणून वगैरे, आणि ते ऐकून लोक हळहळतात पण.

निवृत्त पण प्रवृत्त

उंटावरून भाऊ, तुम्ही ते खोडून काढणार होता ना? मध्येच थांबलात म्हणून मी पूर्ण करतो. भिकेचा संबंध नाही. सतराव्या शतकात 'हँड इन कॅप' नावाचा अदलाबदलीचा खेळ होता. दोघे आपापली वस्तू बदलायला तयार, एक पंच दोन्ही वस्तूंच्या किमतीतला फरक ठरवणार, टोपीत थोडे पैसे पडणार, मग दोघांनी टोपीत हात घालून बाहेर काढायचे, मूठ भरलेली की रिकामी त्यावरून सौदा पटला की नाही ते कळणार. सॅम्युअल पीप्स नावाच्या इंग्रजाने १६६० सालच्या रोजनिशीत लिहून ठेवलंय की हा खेळ त्याने तेव्हा पहिल्यांदाच पाहिला.

तिथून तो शर्यतीत गेला, चांगल्या घोड्यावर जास्त वजन लादायचं म्हणजे चुरस राहते, ते वजन पंच ठरवणार. म्हणजे मुळात हँडीकॅप हा सगळ्यात ताकदवान घोड्याला मिळायचा! गोल्फमध्येही चुरस राखण्याचाच अर्थ आहे, फक्त तिथे सूट कच्च्या खेळाडूला मिळते. माणसाच्या अपंगत्वाला तो शब्द चिकटला तो विसाव्या शतकाच्या सुरुवातीला आणि आता तिथून लोक तो काढून टाकतायत, ते योग्यच.

उंटावरून

काका मी जेवायला गेलो होतो हो.

पाचवा पंखा

पत्त्यांचं कोणीच कसं बोललं नाही? इंग्रजीत 'हँड' म्हणजे तुम्हाला वाटून आलेली पानं. 'आय हॅव अ गुड हँड' म्हणजे पानं चांगली पडलीत. मराठीत 'हात' म्हणजे तुम्ही जिंकलेला डाव, "माझे चार हात झाले". त्याला इंग्रजीत म्हणतात ट्रिक. म्हणजे खेळ तोच, टेबल तेच, आणि हँड सुरुवातीला असतो तर हात शेवटी. परदेशी मित्रांबरोबर खेळताना मी आनंदाने ओरडलो "आय हॅव फोर हँड्स" आणि समोरचे तिघे माझ्याकडे बघत राहिले.

'शो युअर हँड'चंही तसंच. पत्ते उघड करणे, त्यावरून मनातला बेत उघड करणे. आपल्याकडे हात दाखवायचा तो ज्योतिषाला, बसला, नाहीतर एखाद्याला धडा शिकवायला.

कुंपणावरची

अरे वा, एका दिवसात एवढे प्रतिसाद. मी पत्त्यांचं पहिल्यांदाच ऐकतेय.

वाक्प्रचारांची मी एक वही केलीय, त्यातले सगळ्यात धोकादायक म्हणजे दिसायला जुळे आणि स्वभावाने वैरी असलेले. उदाहरणार्थ हात धुणे. इंग्रजीत 'वॉश युअर हँड्स ऑफ इट' म्हणजे माझा आता संबंध नाही, बायबलातल्या पिलात नावाच्या रोमन सुभेदाराने येशूच्या शिक्षेच्या वेळी पाणी मागवून गर्दीसमोर हात धुतले तिथून. मराठीत हात धुऊन घेतले तर तुम्ही संधी साधलीत, आणि हात धुऊन मागे लागलात तर समोरच्याची सुटका नाही. म्हणजे ते हात धुऊन निघून जातात आणि आपण हात धुऊन येतो. त्यांच्या हात धुण्याला आपल्याकडे हात झटकणे आहे, पाण्याशिवाय.

हात वर करणं पण तसंच. बंदुकीसमोर हँड्स अप म्हणजे शरण. आपल्याकडे एखाद्याने ऐन वेळी हात वर केले म्हणजे तो शरण आलेला नसतो, सटकलेला असतो.

आणि काही मात्र अगदी सख्खे निघतात. रंगेहाथ आणि रेड हँडेड. हातावर पोट आणि हँड टु माउथ. उजवा हात दोन्हीकडे उजवाच. 'गॉट आउट ऑफ हँड' म्हणजे हाताबाहेर गेलं.

एक मुंगी

कुंपणावरची ताई, 'आउट ऑफ हँड'ला सांभाळून! त्याचे दोन अर्थ आहेत आणि दुसऱ्याने मला एकदा गोत्यात आणलंय.

आमच्या टीमने तीन महिने खपून एक प्रस्ताव पाठवला होता. उत्तर आलं त्यात वाक्य होतं की समितीने तो 'रिजेक्टेड आउट ऑफ हँड' केलेला नाही. मी वरिष्ठांना छाती फुगवून सांगितलं की नकार त्यांच्या हाताबाहेर गेलाय म्हणजे वरून दबाव आला असणार, आपला प्रस्ताव कोणीतरी वर उचलून धरलाय. प्रत्यक्षात 'रिजेक्ट आउट ऑफ हँड' म्हणजे न बघताच, विचार न करता उडवून लावणे. म्हणजे ते फक्त एवढंच सांगत होते की आम्ही वाचून नाकारलाय. माझ्या सांगण्यावरून वरिष्ठांनी आभाराचं पत्र पाठवलं होतं, जाऊ दे.

ही शब्दयोगी मंडळीच खरी डेंजर. 'ॲट हँड' म्हणजे जवळ आलेलं, हाताशी. 'ऑन हँड' म्हणजे हजर, साठ्यात. 'इन हँड' म्हणजे हातात घेतलेलं काम, किंवा लीगमध्ये "दोन मॅच इन हँड" म्हणजे दुसऱ्यांपेक्षा दोन मॅच अजून खेळायच्या बाकी. 'ऑफ हँड' म्हणजे लगेच, न बघता आठवून, आणि तेच जोडून 'ऑफहँड' लिहिलं की तुसडेपणाने. 'हँड इन' म्हणजे जमा करणे, 'हँड आउट' वाटणे, 'हँड डाउन' मागच्या पिढीने पुढच्या पिढीला देणे, आणि 'हँड्स डाउन' मात्र अगदी आरामात जिंकणे.

घोडागाडी

हँड्स डाउन आमच्याकडचाच, शर्यतीतला! जिंकणार हे इतकं नक्की की शेवटी जॉकी लगाम ढिला सोडून हात खाली घेतो.

अर्धा चष्मा

'हातचा'ला इंग्रजीत काय म्हणायचं ते कोणीतरी सांगा. बेरजेतला हातचा. इंग्रजीत 'कॅरी' म्हणतात, पण हातचा एक म्हटलं की तो एक खरंच कुठेतरी मुठीत धरून ठेवलाय असं वाटतं, आणि त्यावरून "हातचं राखून" हे जे आलंय त्याला तर इंग्रजीत 'होल्डिंग बॅक' सोडून काही सुचत नाही. या एका शब्दापुरता तरी आपला हात वरचढ.

रेघोट्या

हात वरचढ म्हणालात, त्यावरून एक हळूच सरकवते. 'अपर हँड' आपण रोज वापरतो पण फारसीतून. जबर म्हणजे वर, दस्त म्हणजे हात. जबरदस्त. ज्याचा हात वर तो जबरदस्त, आणि तो हात वापरला की जबरदस्ती. दस्तखत, दस्तऐवज सगळी हाताचीच भावंडं.

टवाळ

हे जबरदस्त आहे. (दुसरा शब्द शोधला, सापडला नाही)

निवृत्त पण प्रवृत्त

लॅटिनमध्ये हात म्हणजे 'मानुस', आणि तो इंग्रजीत वेषांतर करून किती हिंडतोय बघा. मॅन्युअल, म्हणजे कुंपणावरची ताई ज्याच्यापायी हैराण आहेत ती पुस्तिकाच मुळात 'हातातली'. मॅन्युस्क्रिप्ट हाताने लिहिलेलं. मॅन्युफॅक्चर म्हणजे हाताने बनवणं, आता ज्या वस्तूला हातही लागत नाही तिला पण हेच. मॅनेज हा इटालियनमधून, घोडा हाताळणे, म्हणून काही मॅनेजर चाबूक घेऊन फिरल्यासारखे वाटतात त्यात नवल नाही.

पण माझी आवडती जोडी म्हणजे मनूव्हर आणि मॅन्युअर. सैन्याची डावपेचाची हालचाल आणि शेतातलं खत. दोन्हीचं मूळ एकच, हाताने काम करणे. एक जण फ्रेंच शिकून सैन्यात भरती झाला, दुसरा आधी जमीन कसायला गेला आणि मग जे जमिनीत घालतात तेच त्याचं नाव पडलं. आणि सर्जन? तो ग्रीक, 'खेइर' म्हणजे हात, 'एर्गोन' म्हणजे काम. हातकाम करणारा. डॉक्टरसाहेब रागावू नका.

शवविच्छेदक

रागावत नाही काका, बिलावर "हातकाम" लिहिलं तर पेशंट रागावेल.

तिसरी घंटा

अवांतर: हँडसम पण हातातलाच का?

निवृत्त पण प्रवृत्त

हो. आधी अर्थ होता हाताळायला सोपा, सोयीचा. मग योग्य, मग भरघोस ('हँडसम' रक्कम अजून म्हणतात), आणि मग देखणा. म्हणजे पूर्वी एखाद्याला हँडसम म्हणणं हे कुऱ्हाडीला म्हणण्यासारखं होतं. आणि हँडकर्चीफ त्याहून गमतीचा, कर्चीफ म्हणजे डोकं झाकायचं फडकं. हातातलं डोकं झाकायचं फडकं, आणि पुसायचं नाक. वर 'पॉकेट हँडकर्चीफ' म्हटलं की खिसा, हात, डोकं सगळं झालं, नाकाचा मात्र उल्लेख नाही.

पाचवा पंखा

माणसालाच 'हँड' म्हणणं मला कधी आवडलं नाही. जहाजावर 'ऑल हँड्स' ठीक आहे, वादळात दोर ओढायला हातच लागतात, पण पुढे गिरण्यांत कामगारांना सरसकट हँड्स म्हणायला लागले, म्हणजे माणसातलं मला उपयोगी तेवढं मोजलं, बाकीचं पोट, डोकं, घर तुझं तू बघ. आणि आता चकचकीत ऑफिसात त्याच शब्दाने सगळ्यांना सभेला बोलावतात! आपणही "हात कमी पडतायत" म्हणतो, "हाताखालची माणसं" म्हणतो, साव आपणही नाही. पण आपल्याकडे 'हस्तक' म्हटलं की तो हमखास कोणातरी बदमाशाचा असतो, निदान तेवढी तरी शरम भाषेने ठेवलीय.

उंटावरून

पंखा साहेब एकदम सिरीयस. पण बरोबर आहे.

जेवून आलो तर माझाही एक घ्या. केळ्याच्या घडात इंग्रजी व्यापारी हिशोबाने एका ओळीला म्हणतात हँड आणि त्यातल्या एका केळ्याला फिंगर. आपण त्या ओळीला फणी म्हणतो. त्यांना पंजा दिसला, आपल्याला कंगवा. कापडवाले पण कापड बोटांत चोळून त्याचा 'हँड' चांगला म्हणतात, आपण पोत म्हणतो.

एक मुंगी

आणि जर्मनीत 'हँडी' म्हणजे मोबाइल. इंग्रजी वाटतं, पण त्या अर्थाने इंग्रजीत नाहीच, तिथे हँडी म्हणजे नुसतं सोयीचं.

कॉम्प्युटरवाल्यांचं राहिलं. दोन मशीन बोलायच्या आधी 'हँडशेक' करतात, टीसीपीत (इंटरनेटवर माहिती पाठवायच्या नियमांत) तर तीन टप्प्यांचा. पहिला म्हणतो बोलायचंय, दुसरा म्हणतो ऐकू आलं, माझंही ऐकू येतंय का, पहिला म्हणतो येतंय. एकालाही हात नाही. चालत्या गाडीत कॉल एका टॉवरकडून दुसऱ्याकडे जातो तो 'हँडओव्हर'. आणि आपण सगळे इथे ज्या चित्रविचित्र नावांनी बसलोय त्याला काय म्हणतात? हँडल.

टवाळ

म्हणजे मला धरायची मूठ 'टवाळ' आहे तर. आईला सांगतो.

अर्धा चष्मा

धागा वाचनखुणेत टाकला. ताई, त्या घड्याळाचं काय झालं शेवटी? सुटले का हात?

कुंपणावरची

सांगते. तुम्ही सगळे हसणार आहात, हसा.

इथलं वाचून मी एकदम जोशात आले आणि शब्दसूचीत नोंद केली, 'सेकंड हँड' बरोबर 'सेकंद काटा', आणि अख्ख्या पुस्तिकेला एका बटणात लावून टाकली. तिसरं पान सुधारलं, चौथं सुधारलं, लांब हात गेले, सैल हात गेले, पुस्तिका पुढे पाठवली आणि मोकळी झाले.

आज परत आली. शेवटच्या पानावर लाल रेघ. तिथे दुरुस्तीची सूचना होती की सेकंड हँड सुटे भाग वापरल्यास वॉरंटी रद्द होईल. माझ्या मराठीत ती अशी झालीय, "सेकंद काट्याचे सुटे भाग वापरल्यास वॉरंटी रद्द होईल."

शेजारी तपासणाऱ्याने बारीक अक्षरात विचारलंय, मग मिनिटकाट्याचे चालतील का?